काचेच्या गोट्या

नरेलने हातावरची पट्टी सोडली. दोन दिवसांपूर्वी तिथे तिने मुरमांवरच्या नव्या जेलचा ठिपका लावला होता. आता लालभडक डाग होता, त्यावर मोहरीएवढे फोड. आधी तेरा वेळा जेल केलं, तेव्हा कातडी साधी गुलाबीही झाली नव्हती.

तिचा बाप क्लाइव्ह तिच्या प्रयोगशाळेच्या शेडच्या दारात उभा होता. टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांचं औषधी तेल काढण्यात म्हाताऱ्याचा जन्म गेला. त्याने डाग पाहिला आणि तिने जेलात घातलेल्या तेलाची अर्धी बाटली उचलून हुंगली.

"गोट्या कुठायत?"

तेल कमी होईल तशा तो बाटलीत काचेच्या गोट्या टाकत जाई. तेल बुचापर्यंत राहायचं, आत हवा उरायची नाही. हवा लागलेलं हे तेल कातडीला चावतं. नरेल रसायनशास्त्र शिकलेली, तिला हे पाठ होतं. तरी गेल्या महिन्यात सिडनीहून पाहुणे येणार म्हणून तिनेच त्या काढून ठेवल्या. प्रयोगशाळेत गोट्या दिसायची तिला लाज वाटली होती.

"फेकून दे सगळं," क्लाइव्ह म्हणाला. एरवी टोमणा मारल्याशिवाय न राहणारा बाप आज एवढंच बोलला, त्याने ती जास्त घाबरली.

फेकायला म्हणून तिने फडताळ उघडलं. या जेलच्या तिने दहा डब्या भरल्या होत्या. आत चारच होत्या.

ती अंगण ओलांडून धावत घरात गेली. टेगन आरशासमोर केस विंचरत होती. नरेलने लेकीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. चेहरा स्वच्छ होता.

"कधी लावलंस?"

"काल. शनिवारी शाळेत डान्स आहे ना. बघ, बसलीसुद्धा मुरमं."

कालच. म्हणजे डाग उठायला अजून एक दिवस होता. बाकीच्या डब्यांचं तिने कसंबसं विचारलं. पाच मैत्रिणींना दिल्या, टेगन म्हणाली.

"आधी हातावर लावून दोन दिवस थांबायचं, हे सांगितलंस ना त्यांना?"

"सांगितलं की. पण तुझ्या आईनं केलंय ना, म्हणाल्या, मग थांबायचं कशाला?"