धरणाखालची खडी

शैलाबाईंनी वाकून नदीत हात घातला, मूठभर खडी वर काढली आणि नाक मुरडलं.

"ही काय खडी आहे? सगळ्या फटींत चिखल बसलाय. तुझ्या मासोळ्या अंडी घालणार कुठे, माझ्या डोक्यावर?"

नेमक्या याच विषयावर राजानंदने चाळीस पानी अहवाल लिहिला होता. आई तीन महिन्यांसाठी नांदेडहून जर्मनीत कोलोनला आली होती आणि मुलाची नदी आज पहिल्यांदाच बघत होती. नदीवर धरण होतं. वरून येणारे सगळे दगडगोटे धरण अडवून धरायचं आणि खाली नुसतं पाणी सोडायचं. रानटी ट्राउट मासोळी मात्र मोकळ्या खडीतच अंडी पुरते, आणि त्या अंड्यांवरून पाणी खेळतं राहावं लागतं. म्हणून राजानंदने दोन वर्षांपूर्वी इथे तीन ट्रक गोल खडी ओतून घेतली होती. धरणाखाली पूर येत नाही, त्यामुळे ती धुतली गेली नाही. गाळ बसून गिलाव्यासारखी घट्ट झाली. ती उकरायला मशीन हवं होतं आणि मशीनला परवानगी. अर्ज मे महिन्यात दिला होता, आता ऑक्टोबर उजाडला होता. नदीला पूर येत नव्हता, कागदांना मात्र येत होता.

"हे बघा, डॉक्टरसाहेब," मासेमारी क्लबचा म्हातारा नदी-राखणदार क्रेमर टोपी सारखी करत म्हणाला, "नोव्हेंबर संपेपर्यंत इथे एकाही मासोळीने अंडी घातली नाहीत, तर क्लब हौदात वाढवलेले मासे विकत आणून सोडणार. लोकांना गळाला मासा हवा. तो कुठे जन्मला, याच्याशी त्यांना काय करायचंय?"

हौदातले मासे सोडले की अन्न आणि जागा तेच बळकावणार आणि उरलेल्या शंभरेक रानटी ट्राउटचा निकालच लागणार होता. डॉक्टरेट झाल्यापासून सात वर्षं राजानंद या माशांच्या मागे होता. बायको चारुलता म्हणायची, एवढा जीव माणसांना लाव. त्याने क्रेमरचं बोलणं आईला मराठीत सांगितलं.

"मशीनला परवानगी लागते," शैलाबाई म्हणाल्या. "घमेल्याला लागते का?"

राजानंदने हसत हसत ते क्रेमरला सांगितलं. क्रेमर हसला नाही. जर्मन माणूस थट्टासुद्धा आधी नियमात बसवून बघतो. बराच विचार करून तो म्हणाला, "नाही लागत. हाताने करायच्या कामाबद्दल काही लिहिलेलं नाही."

आठ दिवस तिघं राबले. रबरी विजारी घालून राजानंद आणि क्रेमर लोखंडी दाताळ्यांनी खडी उकरायचे, घमेल्यात भरून धुवायचे. शैलाबाई काठावर घडीच्या खुर्चीत बसून ती निवडायच्या. "ही मोठी, टाक. ही बारीक, टाक. ही बरोबर." पहिल्या दिवशी राजानंदने त्यांची नजर चुकवून दहा खडे मोजपट्टीने मोजले. दहाच्या दहा बरोबर होते. आई धरणांच्या कामावर होती एवढं त्याला माहीत होतं. त्यापलीकडे तिने कधी काही सांगितलं नव्हतं. विचारलं की तिला चहाची आठवण व्हायची.

नोव्हेंबर लागला. रोज सकाळी मायलेक काठावर येऊन बसायचे. मासे येत नव्हते. महिना संपत आला. शैलाबाईंचं शनिवारचं विमान होतं.

गुरुवारी दहाच्या सुमाराला एक मासोळी आली. हातभर लांबीची, सोनेरी अंगावर लाल ठिपके असलेली. खडीवर कुशीला वळली आणि शेपटी आपटू लागली. खडे उडाले, खड्डा झाला. एक नर थरथरत तिच्या अंगाला लागला. क्रेमरने टोपी काढली. राजानंदला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

"हिची पिल्लं मोठी होऊन अंडी घालायला इथेच येतील," तो म्हणाला. "याच खडीत." मग म्हणाला, "मला मात्र परत जायला जागाच नाही. इथे प्रत्येक फॉर्मवर जन्मगाव विचारतात आणि मी तालुक्याचं नाव ठोकून देतो. आई, मी नक्की कुठे जन्मलो? एकदा तरी तिथे जाऊन उभं राहायचंय मला."

या वेळी शैलाबाईंना चहा आठवला नाही. त्या मासोळीकडेच बघत होत्या.

"खडीवर," त्या म्हणाल्या. "धरणाचं काम चालू होतं. कळा यायला लागल्या तरी मुकादमाने सोडलं नाही. बायांनी लुगड्यांचा आडोसा केला. मीच फोडलेल्या खडीच्या ढिगावर झालास तू. डॉक्टर झालास, आता हे कशाला सांगायचं, असं वाटायचं."

राजानंदने आईचे वाकडी बोटं असलेले हात हातात घेतले. त्याला लाज वाटली नाही. अडतीस वर्षांनी काहीतरी सापडल्यासारखं वाटलं.

"मी डिसेंबरात येतो," तो घाईघाईने म्हणाला. "मला दाखव. कुठे आहे ती खडी?"

शैलाबाईंनी मासोळीवरची नजर काढली आणि वर, धरणाकडे पाहिलं.

"अशाच एका भिंतीत गेली, राजा."