सहकुटुंब, समुद्रापर्यंत

"एकदम हळू घ्या," बाबा लाँचच्या कप्तानाला पुन्हा म्हणाले. "मागे लाट उठता कामा नये."

"काका, याहून हळू घेतली तर ही उलटी चालायला लागेल," कप्तान म्हणाला. पण त्याने वेग आणखी उतरवला.

उजाडताना घाटावर निम्मी गल्ली जमली होती. शेजारच्या काकू डोळ्यांना रुमाल लावून उभ्या होत्या. एका हमालाने सहज विचारलं, "सहलीला का सगळे?" "हो, सहकुटुंब," बाबा म्हणाले.

आले मात्र सगळे होते. मुलगा कठड्याला रेलून पाण्याकडे बघत होता. सून उलटीच्या धास्तीने डोळे मिटून बसली होती. तिची सहा वर्षांची मुलगी लिंबू चोखत होती. मामा, म्हणजे मुलाच्या आईचा धाकटा भाऊ, काल लांबून येऊन पोचले होते आणि अजून कुणाशी धड बोलले नव्हते. बाबांच्या मांडीवर बायकोची शाल होती आणि शर्टाच्या खिशात तिचा चष्मा.

लग्नानंतर दोघांनी या नदीकाठीच बिऱ्हाड केलं होतं. बाबांनी शिलाईचं दुकान टाकलं. ती काजं-बटणं करायची आणि हात चालता चालता खिडकीतून नदी बघायची. "एकदा मला समुद्रापर्यंत जायचंय," म्हणायची.

"जाऊ की," बाबा म्हणायचे. मग कामाची घाई यायची. मग मुलगा झाला, मग त्याची शाळा, त्याचं कॉलेज. जाणं राहिलं ते राहिलंच.

दुकान बंद केल्यावर बाबांनी हौसेने बंदरातल्या मोठ्या पांढऱ्या जहाजाची जाहिरात आणून तिच्यापुढे ठेवली. सहकुटुंब सफर, गाणी, पंगती, गादीवर लोळत समुद्र. ती हसली. "मला जायचंय ते असं नाही हो," म्हणाली.

गेल्या वर्षी ती आजारी पडली. दवाखान्याच्या खाटेवरून तिने विचारलं, "आता तरी नेणार का?" बाबांनी तिचा हात हातात घेऊन शब्द दिला.

"आजोबा, आजीला थंडी वाजत असेल?" नातीने मध्येच विचारलं.

सुनेने डोळे उघडले. "गप बस बरं तू."

"विचारू दे गं तिला," बाबा म्हणाले. "आजीला आता थंडी-वारा काही कळत नाही, बाळा."

"हट्टी," मामा पहिल्यांदाच तोंड उघडून बोलले. "लहानपणापासून हट्टी. या नदीपायी आमच्या वडिलांचा किती मार खाल्लाय तिने!"

एवढ्यात मागून भोंगा वाजला. तेच पांढरं जहाज गाणी लावून समुद्राकडे निघालं होतं. त्याच्या नाकाशी पाण्याची भिंत उभी राहत होती. कप्तान तोंडातली शिवी गिळत वायरलेसकडे धावला. मुलगा ओरडायला लागला. बाबांचे गुडघे दुखायचे, लाँच डुगडुगत होती, तरी ते तिच्या मागच्या टोकाला गेले आणि दोन्ही हातांनी शाल डोक्यावर धरून हलवू लागले.

"हळू! अहो, माझी बायको आहे इथे! हळू!"

कप्तान वायरलेसवर काय बोलला ते कुणाला ऐकू आलं नाही. पण पाण्याची भिंत बसली. जहाज रेंगाळलं. गाणी बंद झाली. प्रवासी कठड्याशी आले, एकमेकांच्या कानाशी लागले आणि मग सगळे गप्प उभे राहून खाली पाण्याकडे बघत राहिले. एका म्हाताऱ्या बाईने छातीवर हात ठेवला. शेवटी जहाजाने एक लांबच लांब भोंगा दिला. बाबांनी शाल पुन्हा एकदा हलवली.

"आईसाठी थांबलं," मुलगा म्हणाला. "केवढं मोठं जहाज, आणि आपल्या आईसाठी थांबलं!"

पुढे नदी रुंदावली. वाऱ्याला खारट वास आला. लाटा आडव्या येऊन लाँचला थपडा मारू लागल्या आणि सुनेची धास्ती खरी ठरली.

"खडकापर्यंत असंच आहे बरं का," कप्तान म्हणाला. "इथवर आलो तेच पुष्कळ झालं, काका. इथेच थांबायचं का?"

मुलाने बाबांचा हात धरला. "थांबू या, बाबा. नदी संपलीच की आता. आई काही रागावणार नाही."

"रागावणार नाही?" मामा म्हणाले. "तुझी आई?"

बाबांना हसू आलं आणि डोळेही भरून आले. नदीच्या तोंडाशी काळा खडक होता. त्याच्यामागे नुसता समुद्र, बघावं तिथवर.

"खडकापर्यंत," ते म्हणाले. "तिने सांगितलं होतं तिथपर्यंत. तसूभरही कमी नाही."

कप्तानाने मान डोलावली आणि लाँच लाटांवर घातली. पाणी आत उडत होतं, सगळे नखशिखांत भिजले, तरी कुणी आडोशाला गेलं नाही. खडकाजवळ आल्यावर कप्तानाने इंजिन बंद केलं आणि डोक्यावरची टोपी काढली. मुलगा रडत होता, अगदी उघडउघड. बाबा दोन्ही हातांनी कठडा धरून उभे राहिले.

"पोचलीस गं," ते ओठांतल्या ओठांत म्हणाले.

तेव्हा पाण्यातून एक हात वर आला आणि खडकावर थाडकन पडला. उजाडताना घाटावरून नदीत उतरलेली आणि तिथपासून लाँचच्या सोबतीने हात मारत आलेली त्यांची बायको गुडघाभर पाण्यात उभी राहिली. कमरेवर हात ठेवून ती लाँचकडे वळली आणि धापा टाकत ओरडली, "तोंडं काय पाडलीत अशी? जेवलात का सगळे?"