आधी तिचं ताट

भाऊ गेल्यापासून पाच दिवस त्याच्या कुत्र्यानं अन्नाला तोंड लावलं नव्हतं. "दोन दिवसांत ताळ्यावर आणते त्याला," म्हणत नणंद बॅग भरूनच वहिनीकडे आली. दूध झालं, अंडं झालं, लाडीगोडी झाली, पठ्ठ्या ढिम्म. नुसता वहिनीकडे टक लावून बसलेला.

"दादा याला कधी वाढायचा गं?"

"माझं जेवून झालं की. 'हिच्या आधी तुला नाही,' असं रोज बजावायचे त्याला."

"आणि तू जेवतेस ना?"

"हो तर, वन्सं. पोटभर."

नणंदेनं कुत्र्याच्या भरल्या भांड्याकडे पाहिलं आणि वहिनीचं ताट वाढलं. "बस. आम्हाला फसवलंस, याला फसवणं नाही जमायचं."

वहिनीनं रडत रडत शेवटचा घास घेतला, तेव्हा कुठे पठ्ठ्या उठला.