सहीखालचं नाव

प्रमाणपत्रांवर मुलांच्या नावांऐवजी नुसती प्रश्नचिन्हं होती.

"मराठी तुमच्या फळ्यावरच ठेवा बाई, संगणकाला ती झेपत नाही," मुख्याध्यापक धारवाडकर सगळ्यांसमोर हसले. संगणक शिकवणाऱ्या भागीरथीबाई तडक संगणकासमोर जाऊन बसल्या.

चूक त्यांना सापडली. यादीचा प्रोग्राम नावं युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरं पेलणाऱ्या संकेतांत पाठवायचा, छपाईचा प्रोग्राम ती इंग्रजी समजून वाचायचा. छपाईच्या प्रोग्रामला युनिकोड वाचायला सांगणारी एक ओळ बाईंनी घातली. सगळी नावं सुरेख उमटली. फक्त एक नाव त्यांनी मुद्दाम जुन्याच वाटेनं पाठवलं. धारवाडकरांनी सवयीप्रमाणे न वाचताच सह्या ठोकल्या.

बक्षीस समारंभात, माईकसमोरच, चौथीतल्या ज्ञानदानं सहीखालच्या प्रश्नचिन्हांवर बोट ठेवलं. "सर, तुमचं नाव कुठंय?"

पहिल्या रांगेतून बाई म्हणाल्या, "संगणकाला झेपलं नाही गं, बाळा."