वीतभर वर

"घ्यायलाच नको होती ही दुर्बीण," ऑरिन म्हणाला आणि त्याने रायफल स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवी ठेवली.

मार्लिसने विणकाम टोपलीत टाकलं. त्याच्या बोटांत डोंगराची थंडी अजून मुक्कामाला होती. तिने त्या बोटांत कॉफीचा मग दिला आणि शर्टाच्या मऊ तुकड्याने रायफलवरच्या दुर्बिणीची काच पुसायला घेतली. शर्ट नील्सचा होता. रायफल पुसून पेटीत ठेवायचं काम तिचंच.

"गोळी पुन्हा वरून गेली?"

"पुरुषभर वरून. मागच्या कड्यावर धूळ उडाली. त्याने मान वळवली, कोण आलंय ते बघितलं आणि लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा सावकाश निघून गेला."

तो म्हणजे वाकड्या शिंगाचा एल्क, डोंगरातलं घोड्याएवढं हरीण. त्यांचा मुलगा नील्स लागोपाठ तीन शरद त्याच्या मागावर होता. चौथ्याच्या आधी बर्फावर नील्सचा ट्रक घसरला आणि तो गेला. तो सगळा हिवाळा ऑरिन भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बर्फ वितळलं, कुरणं हिरवी झाली, तरी पडूनच. शिकारीचा हंगाम उघडला त्या पहाटे मात्र तो आपण होऊन उठला, बूट चढवले आणि म्हणाला, "पोराचं राहिलेलं काम मी करतो. तो एल्क पडला की मी सुटलो. मग मला कुणी उठवायला येऊ नका."

पहिल्या साली जुन्या दुर्बिणीने दोनदा दगा दिला. त्यात गुडघे दरीत उतरू देईनात. डोंगर उतरायला पाय नव्हते, म्हणून यंदा त्याने लांबचे डोळे विकत घेतले, ही नवी महागडी दुर्बीण. छपराचे पत्रे त्यापायी राहून गेले.

"जुनी काय वाईट होती?" मार्लिसने तेव्हाच दुकानात विचारलं होतं. दुकान तिच्याच भावाचं, व्हर्लचं.

"ताई, जुनी म्हणजे गंजकी पिपाणी होती. ही बघ. चकती एक खट फिरवली की गोळी केसभर वर. नेम बसला की नाण्याने हा वरचा स्क्रू ढिला करायचा, आकडा शून्यावर आणायचा, पुन्हा आवळायचा. मग शून्य म्हणजे शून्य."

"परत दाखव."

"तू जाणार आहेस का शिकारीला?"

"एवढ्या पैशांची वस्तू आहे. बघू तरी दे."

व्हर्लने हसत परत दाखवलं. मग दुकानामागच्या चांदमारीच्या मैदानावर ऑरिनने नेम बसवला. गोळ्या काळ्या ठिपक्याच्या अगदी पोटात गेल्या होत्या.

आणि आज हे.

"दुर्बिणीचं काही नाही," ऑरिन मगात बघत म्हणाला. "कागदावर नेमकी बसते, डोंगरावर चुकते. म्हणजे कागद आणि डोंगर यांच्यामध्ये जो म्हातारा आहे, तोच बिघडलाय."

"काहीतरीच."

"उद्या परत कागदावर झाडून बघतो. ठिपक्यात बसल्या तर दोष माझा. मग रायफल व्हर्लला देऊन टाकायची आणि आपण पडून राहायचं."

मार्लिसने टोपलीतून सुया उचलल्या. ओठांतल्या ओठांत ती टाके मोजू लागली. मध्येच चुकली आणि तिने सगळी ओळ उसवली.

सकाळी पेटी नेहमीसारखी दाराशी तयार होती. मार्लिसही विणकामाची टोपली घेऊन बरोबर निघाली. मैदानावर व्हर्ल हात चोळत उभा.

"या दाजी! ऐकलं काल कड्याची शिकार केलीत. शिंगं किती होती कड्याला?"

"तोंड बंद कर आणि कागद लाव."

ऑरिन आडवा झाला. तीन गोळ्या झाडल्या आणि डोळे मिटून तसाच पडून राहिला. व्हर्ल कागद घेऊन आला तेव्हा त्याच्या तोंडावरची थट्टा पुसली गेली होती.

"दाजी, उठा. हे बघा."

तिन्ही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली असती, इतकी जवळ. पण ठिपक्याच्या वीतभर वर.

"आकडा शून्यावर, आणि गोळी इथे!" व्हर्लने चकती निरखली. "आतलं काहीतरी निसटलंय. अहो, तुमचा हात दगडासारखा आहे. काच बाद आहे, काच! मीच तुमच्या गळ्यात मारली. बदलून देतो."

ऑरिन कागदाकडे बघत राहिला. मग हसला. किती दिवसांनी त्या सुरकुतलेल्या चेहऱ्याच्या दरीत ऊन उतरलं होतं.

"ऐकलंस ना, मार्लिस? हात दगडासारखा!"

"ऐकलं," ती म्हणाली आणि वारं लागल्यासारखे तिने डोळे टिपले.

व्हर्लने फळीवरून तशीच दुसरी दुर्बीण काढली, बसवली. ऑरिनने पुन्हा नेम लावला, व्हर्लने नाण्याने स्क्रू आवळला. तिन्ही गोळ्या ठिपक्याच्या पोटात.

"रविवारी हंगाम संपतोय," ऑरिन म्हणाला. "उद्या पहाटे निघतो. उद्या तो सुटत नाही. आणि मी सुटतो."

"या वेळी चुकलात तर दुकान तुमच्या नावावर करतो."

"तुझं दुकान घेऊन काय करू, तुझ्या उधाऱ्या फेडू?"

दोघे हसत कॉफी प्यायला आत गेले. "तू येतेस ना गं?" ऑरिनने दारातून विचारलं.

"व्हा पुढे. रायफल पेटीत ठेवते आणि आलेच."

दार बंद झालं. मार्लिसने काच नील्सच्या शर्टाने पुसली. मग टोपलीतल्या लोकरीखालून एक नाणं काढून तिने शेजारी ठेवलं आणि टाके मोजावेत तशी ओठांतल्या ओठांत मोजत ती चकती फिरवू लागली.