पलीकडची बाजू

त्याने पुन्हा हाक मारली, आणि बायकोने पुन्हा पलीकडे तोंड फिरवलं.

तो स्ट्रेचरच्या डाव्या कडेला उभा होता. तिचा डावा हात त्याच्या हातात होता, पण त्यात जीव नव्हता. दुपारी ओट्यापाशी ती कोसळली, तेव्हाच तो लुळा पडला होता. मेंदूत गुठळी आहे, एवढं कळलं होतं. सीटी स्कॅन नुकताच झाला होता.

"ताईने अबोला इथेही सोडला नाही, भावजी," मेहुणी म्हणाली. तिने हसण्यावारी न्यायला पाहिलं.

अबोला सकाळचा होता. बायकोची जुनी आरामखुर्ची त्याने न विचारता भंगारात घातली होती. "पाय मोडलाय तिचा," म्हणाला. "माझाही मोडला की मलाही घाला," असं म्हणून ती आत गेली, ती पुढे बोललीच नाही. असे अबोले संसारात पुष्कळ झाले होते. संध्याकाळचा चहा पुढे आला की मिटायचे. आज चहाची वेळच आली नाही.

"अगं, चुकलो मी. बघ तरी."

तिने मान आणखी पलीकडे वळवली. आत नेल्यावर काही बरंवाईट झालं, तर ती रागातच गेली असं होणार होतं. त्याला दुसरं काही सुचेना.

डॉक्टरीणबाईंनी त्याला बोलावून स्क्रीनवरचं रंगीत चित्र दाखवलं. मेंदूत रक्त कुठे पोचतंय आणि कुठे नाही, ते त्यात दिसत होतं.

"उजव्या बाजूचा हा एवढासा भाग गेला. भोवतीचा हा मोठा भाग उपाशी आहे, पण जिवंत आहे. गुठळी काढली तर वाचेल. लगेच आत घेतोय."

त्याने हात जोडले. मग चाचरत विचारलं, "ती माझ्याकडे बघत का नाही? रागावलीय."

"तुम्ही कुठे उभे होतात?"

"डावीकडे."

"मग कशा बघतील? डावीकडचं भान मेंदूची ही उजवी बाजू ठेवते. आत्ता त्यांच्या लेखी डावीकडे जगच नाही. पलीकडून जा. पटकन."

पुढे त्याला तिच्यासोबत काही वर्षं मिळाली. आता ती नाही. तरी देवापुढे हात जोडले की ती वर्षं नंतर आठवतात. आधी आठवतं ते स्ट्रेचरला वळसा घालून, सलाइनची दांडी सरकवून, भिंतीला अंग घासत पलीकडे शिरणं.

ती त्याच्याकडे बघत राहिली. शब्द जड होते, पण कळत होते.

"कुठे होतात? मघापासून हाका मारताय, आणि मी इकडे शोधतेय."