शुद्ध पावडर

चार दिवस एनएमआर यंत्राच्या चुंबकात मोजून, पडद्यावर फक्त औषधाचीच शिखरं दिसल्यावर गारिगसाहेबांनी औषधाची पावडर शुद्ध ठरवली होती. अहवालावर फक्त यंत्र चालवणाऱ्या ओडिलची सही बाकी होती. सही न करता तिने पावडरीवर क्षीण खुणा मोठ्या करणारं मुक्त रॅडिकलचं द्रावण शिंपडलं आणि नळी पुन्हा चुंबकात सोडली.

"चांगल्या मालात घाण कालवलीस?" साहेब कडाडले.

पडद्यावर सपाट रेघ आली.

"बघ! होतं तेही घालवलंस."

"मायक्रोवेव्ह अजून बंद आहे. रॅडिकलची ताकद पावडरीत तीच ढकलते." तिने बटण दाबलं. रेघेतून पहिल्या मोजणीपेक्षा शंभरपट उंच शिखरं उसळली. त्यांच्या कडेला एक बुटकं, अनोळखी शिखर उभं होतं.

"ही तुझीच घाण!"

"नुसतं द्रावण सकाळीच मोजलंय. तिथे हे नाही." ओडिलने बिनसहीचा अहवाल परत सरकवला. "रॅडिकल फक्त हातात भोंगा देतं, साहेब. बोलतेय ती तुमचीच पावडर."